बंदूक आणि ती पाच मिनिटं

गणपतीची आरती झाली, पानं वाढायला घेतली आणि विषय बंदुकीवर गेलाच. आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो, ॲलनचा तो आउटलेट मॉल आमच्यापासून २० मिनिटांवर. ६ मे २०२३ ला तिथे आठ माणसं मारली गेली आणि तेव्हापासून चार मराठी घरं जमली की हा विषय निघतो आणि निघाला की दोनच बाजू पडतात. एक जण म्हणाला हा देश वेडा आहे, सगळ्या बंदुका गोळा करून वितळवून टाकायला पाहिजेत. दुसऱ्याचं ग्रीन कार्ड नुकतंच आलंय, तो म्हणाला मी तर पिस्तूल घेणारच, उद्या कोणी घरात घुसलं तर पोलीस येईपर्यंत काय हात जोडून बसू? मग एआर-१५ रायफल, मग सेकंड अमेंडमेंट (शस्त्र बाळगायच्या हक्काची घटनादुरुस्ती), मग ऑस्ट्रेलिया, मग हिटलर. तासभर आवाज चढले आणि कोणाचं मत तसूभरही हललं नाही. मला या देशात १६ वर्षं झाली, टीव्हीवर सिनेटर भांडतात तेही थोड्याफार फरकाने हेच भांडण आहे, आणि दर वेळी मला वाटतं की यात सगळ्यात जास्त मरणाऱ्या माणसाचं नावच कोणी घेत नाही.

तो माणूस कोण? २०२२ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,००० हून जास्त लोक गेले. त्यातले निम्म्याहून जास्त, साधारण २७,०००, स्वतःच्या हाताने गेले. दुसऱ्याने मारलेले त्याहून कमी, आणि त्यातही बहुतेक पिस्तुलाने. ज्या सामूहिक गोळीबारांमुळे हा वाद पेटतो ते या आकड्यात फार थोडे, आणि ज्या रायफलवर सगळी चर्चा होते तिचा वाटाही थोडाच. मी ॲलनचं, उवाल्डीच्या शाळेतल्या गोळीबाराचं दुःख लहान करत नाहीये, मला स्वतःला शाळेत जाणारा मुलगा आहे आणि तो पहिलीत असताना घरी येऊन सांगत होता की आज आम्ही दिवा बंद करून कपाटामागे गप्प बसायची प्रॅक्टिस केली, ते ऐकून मी किचनमध्ये जाऊन रडलेय. पण आपण भांडतो मॉलमधल्या अनोळखी माणसाबद्दल आणि मरतो तो घरातला माणूस, बेडरूममध्ये, एकटा. माझं मत सांगते: बंदूक असावी की नसावी यावर भांडून इथे काहीही होणार नाही. माणसाच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट पाच मिनिटांत त्याचा हात आणि चाप यांच्यामध्ये किती अंतर आहे, हा प्रश्न आहे, आणि ते अंतर वाढवता येतं. कायद्याने येतं, रिवाजाने येतं, आणि ते करायला कोणाची बंदूक कायमची काढून घ्यायची गरज नाही.

आता पिस्तूल घेणाऱ्या त्या मित्राची बाजू आधी नीट मांडते, कारण ती आपल्याकडे फार उडवून लावली जाते. पोलीस वाचवतील या भरवशावर राहू नका असं तो म्हणतो ते खोटं नाही. उवाल्डीच्या शाळेत २४ मे २०२२ ला ३७६ पोलीस जमले होते आणि वर्गात शिरायला त्यांना ७७ मिनिटं लागली, आत १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. त्याआधी २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने कॅसल रॉकच्या केसमध्ये सांगून टाकलं होतं की नवऱ्याविरुद्ध कोर्टाचा मनाई हुकूम हातात असला तरी पोलिसांनी तो अंमलात आणावाच असा घटनात्मक हक्क बाईला नाही, आणि त्या बाईच्या तिन्ही मुली नवऱ्याने मारल्या होत्या. वेस्ट टेक्सासमध्ये शेरीफची गाडी यायला अर्धा तास लागतो तिथल्या माणसाला मी कुठल्या तोंडाने सांगू की ९११ ला फोन कर आणि वाट बघ?

याच्याही खोल एक गोष्ट आहे. इथल्या काळ्या लोकांचा बंदूकबंदीवर विश्वास का नाही हे इतिहास बघितल्याशिवाय कळत नाही. १९५६ मध्ये मॉन्टगोमरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला, त्यानंतर त्यांनी पिस्तूल बाळगायचा परवाना मागितला आणि तो नाकारला गेला. अहिंसेच्या त्या माणसाला! काळ्या पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी १८९२ मध्येच लिहून ठेवलं होतं की प्रत्येक काळ्या घरात विंचेस्टर रायफलला मानाची जागा असली पाहिजे, कारण झुंडी कायदा विचारून येत नव्हत्या. आणि १९६७ मध्ये ब्लॅक पँथर्स ही काळ्यांची लढाऊ संघटना, तिचे लोक बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या सॅक्रामेंटोतल्या विधानभवनात गेले तेव्हा भरलेली बंदूक उघड घेऊन फिरायला बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली ती तेव्हाचे तिथले गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी. म्हणजे बंदुकीचा कायदा कोणासाठी कडक होतो आणि कोणासाठी सैल राहतो हा प्रश्न खरा आहे, आणि 'सगळ्या जमा करा' म्हणणाऱ्याने त्याचं उत्तर द्यायला पाहिजे.

हे सगळं मला मान्य आहे. पण मित्राच्या हिशोबात एक वजाबाकी राहून जाते. चोरासाठी घेतलेली बंदूक चोर येईल त्या रात्रीपुरती घरात येत नाही, ती ३० वर्षं येते. चोर कदाचित कधीच येणार नाही. पण ३० वर्षांत त्या घरात कोणाची तरी नोकरी जाईल, कोणाचं लग्न मोडेल, कोणाला कॅन्सर निघेल, मुलगी नववीत असताना कोणीतरी तिचा फोटो सगळ्या शाळेत पाठवेल. वाईट रात्र प्रत्येक घरात येतेच. त्या रात्री ड्रॉवरमध्ये काय आहे?

इथे लगेच उत्तर येतं: ज्याला मरायचंय तो मरणारच, बंदूक नसेल तर दुसरं काही शोधेल. हे वाक्य मी डॅलसमध्ये इंग्रजीत ऐकलंय आणि यवतमाळकडे लहानपणी मराठीतही ऐकलंय. आमच्याकडे कोणी गेलं की लोक म्हणायचे 'त्यानं औषध घेतलं', आणि कुठलं औषध ते विचारावं लागायचं नाही. फवारणीचं औषध गोठ्यात, दाराशी, पलंगाखाली असायचं. लोक कर्जाबद्दल बोलायचे, कापसाच्या भावाबद्दल बोलायचे, आणि ते बोललंच पाहिजे, पण त्या बाटलीबद्दल कोणी बोलायचं नाही, जणू ती नुसती निमित्त होती. ती निमित्त नव्हती. शेजारच्या श्रीलंकेने सगळ्यात जहाल कीटकनाशकांवर १९९० च्या दशकात एकेक करून बंदी घातली आणि पुढच्या दहा वर्षांत तिथल्या आत्महत्या जवळजवळ निम्म्यावर आल्या. गरिबी संपली नव्हती, युद्ध तर चालूच होतं, दुःख तेवढंच होतं. फक्त औषध घेतलेला माणूस दवाखान्यात पोचेपर्यंत जिवंत राहायला लागला.

त्याच्याही आधीचं उदाहरण इंग्लंडचं आहे. १९६० च्या सुरुवातीला तिथे घरोघरी स्वैपाकाला कोळशापासून काढलेला गॅस यायचा, त्यात कार्बन मोनॉक्साइड भरपूर, आणि देशातल्या जवळपास निम्म्या आत्महत्या त्या गॅसने व्हायच्या. मग नैसर्गिक वायू आला, तो विषारी नव्हता, बदल केला होता पैशाच्या कारणाने, जीव वाचवायला कोणी केला नव्हता. तरी दशक-दीड दशकात एकूण आत्महत्या साधारण एक तृतीयांशाने उतरल्या. 'दुसरं काही शोधेल' हे खरं असतं तर आकडा जिथल्या तिथे राहायला हवा होता ना? इस्रायलच्या सैन्याने २००६ मध्ये सैनिकांना आठवड्याच्या सुट्टीत, शुक्रवार-शनिवारी, रायफल घरी न्यायला बंदी केली तर त्यांच्यातल्या आत्महत्या ४० टक्क्यांनी घटल्या. त्याच मुलांकडे रविवारी तीच रायफल परत यायची! फक्त ते दोन दिवस ती हाताशी नव्हती.

आणि ही पाच मिनिटं मी मनाची सांगत नाहीये. इथेच ह्यूस्टनमध्ये, मरता मरता वाचलेल्या तरुण लोकांना संशोधकांनी विचारलं की ठरवल्यापासून प्रत्यक्ष करेपर्यंत किती वेळ गेला, तर जवळपास एक चतुर्थांश लोकांनी सांगितलं पाच मिनिटांपेक्षा कमी. जे वाचतात त्यातले दहातले साधारण नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. पण वाचायला मिळालं पाहिजे, आणि बंदुकीतून दहातला जेमतेम एक वाचतो, औषधाच्या गोळ्या घेतलेले बहुतेक वाचतात. जपान आणि दक्षिण कोरियात बंदुका नसून आत्महत्या खूप आहेत हे मला माहीत आहे, दर वेळी कोणीतरी ते सांगतंच आणि ते बरोबरच आहे, माणसाला मरावंसं का वाटतं याचं उत्तर बंदुकीत नाही. पण कोणाला दुसरी संधी मिळते आणि कोणाला नाही हे मात्र बंदूक ठरवते. व्हरमाँटचं उदाहरणही असंच. भरपूर बंदुका आणि खून कमी, म्हणून बंदूकवाले ते अभिमानाने सांगतात. खून कमी आहेत हे खरंच. पण त्या राज्यात बंदुकीने जे मरतात त्यातले बहुतेक आत्महत्येने मरतात, आणि देशात आत्महत्येचा दर सगळ्यात वर कुठे तर मोंटाना, वायोमिंग, अलास्का, म्हणजे जिथे घराघरात बंदूक आहे तिथेच.

जुलमी सरकारला धाक म्हणून बंदूक हवी हा मुद्दा मी फार ताणणार नाही. १७९४ मध्ये पेनसिल्व्हेनियातले शेतकरी दारूवरच्या करावरून बंदुका घेऊन उठले तेव्हा त्यांना दाबायला १३,००० च्या आसपास मिलिशिया, म्हणजे नागरिकांची फौज, घेऊन खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन निघाले होते, आणि सेकंड अमेंडमेंट मंजूर होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. एवढं पुरे. पण यात आपल्या गांधीजींना ओढतात ते मला लागतं. शस्त्रकायद्याने अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र केलं हे इंग्रजांचं सगळ्यात काळं कृत्य ठरेल, अशा अर्थाचं ते बोलले होते हे खरं, आणि इथल्या बंदूक समर्थकांच्या पोस्टरवर ते दिसतं. पण ते १९१८ च्या सैन्यभरतीच्या पत्रकातलं आहे, राग होता तो गोऱ्यांना सूट आणि हिंदी माणसाला मनाई या १८७८ च्या कायद्यावर. पुढे काय झालं ते कोणी सांगत नाही. १९३१ च्या कराचीच्या ठरावात काँग्रेसने शस्त्र बाळगायचा हक्क घातला होता, नियमांच्या अधीन राहून. मग डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तो हक्क घटनेत घालायची दुरुस्ती आणली, बाबासाहेबांनी विरोध केला आणि ती नामंजूर झाली. ज्यांचं शस्त्र खरोखर हिसकावून घेतलं गेलं होतं त्या लोकांनी, स्वतःच्या हातात राज्य आल्यावर, विचार करून ठरवलं की हा मूलभूत हक्क नको.

अमेरिकेने वेगळं ठरवलं आणि ते आता ठरलेलं आहे. सुप्रीम कोर्टाच्या २००८ च्या हेलर निकालाने स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवणं हा व्यक्तीचा हक्क मानला, २०२२ च्या ब्रुएन निकालाने तो घराबाहेर नेला. म्हणून 'सगळ्या जमा करा' म्हणणाऱ्या माझ्या पहिल्या मित्राला मला सांगावंसं वाटतं की बाबा रे, तू हरलेली लढाई लढतोयस. २०१७ च्या एका अंदाजात इथल्या नागरिकांकडे ३९ कोटींहून जास्त बंदुका होत्या, म्हणजे माणसांपेक्षा जास्त. पोर्ट आर्थरच्या सामूहिक गोळीबारानंतर ऑस्ट्रेलियाने १९९६-९७ मध्ये परत घेतल्या त्या साडेसहा लाखांच्या आसपास, तिथे अशी राज्यघटना आड येत नव्हती आणि लोकांना ते हवं होतं. तू बंदीची भाषा बोललास की ज्याच्या घरात बंदूक आहे, ज्याचं ऐकणं सगळ्यात गरजेचं आहे, तो माणूस कान बंद करतो.

कारण तो ऐकतो, ऐकवणारा त्याच्यातला असला तर. २००९ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये एका दुकानातून आठवड्याच्या आत तीन वेगवेगळ्या माणसांनी बंदूक घेतली, एकमेकांशी काही संबंध नाही, आणि तिघांनीही काही तासांत जीव दिला. दुकानदाराला कळलं तेव्हा तो हादरला. तो काही बंदूकविरोधी नव्हता, आयुष्य त्याच धंद्यात गेलेलं. पण त्याने आणि इतर दुकानदारांनी आरोग्य खात्यातल्या लोकांसोबत बसून ठरवलं की गिऱ्हाईक कसं ओळखायचं, कधी विक्री नाकारायची, काउंटरवर काय लावायचं. ती पद्धत पुढे इतर राज्यांत गेली. कोणाचा हक्क गेला त्यात?

मला हे नीट कळलं ते मात्र शेजारच्या आजोबांमुळे. माझ्या मुलाला त्यांच्या नातवाकडे रात्री राहायला जायचं होतं आणि मुलांच्या डॉक्टरांनी आम्हाला सांगून ठेवलं होतं की आधी विचारा, घरात बंदूक आहे का आणि कुलपात आहे का. दारात उभं राहून हे विचारताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आपल्याकडे कोणाच्या घरी जाऊन असं विचारणं म्हणजे त्यांच्यावर संशय घेणंच. आजोबा काही बोलले नाहीत, मला आत घेऊन गेले. क्लोझेटमध्ये माझ्या खांद्याएवढी हिरवट लोखंडी तिजोरी, जमिनीला बोल्टने ठोकलेली. आकड्यांचं कुलूप फिरवून त्यांनी दार उघडलं तर तेलाचा वास आला, आत कापडाच्या अस्तरावर चार रायफली उभ्या, त्यातली एक त्यांच्या वडिलांची, दस्त्यावरचं पॉलिश हाताने झिजलेलं. गोळ्या तिथे नव्हत्या, त्या गॅरेजमध्ये वेगळ्या डब्यात. मग ते स्वतःहून म्हणाले की पिस्तूल आधी पलंगाशेजारच्या ड्रॉवरमध्ये असायचं. बायको गेली त्या हिवाळ्यात त्यांचा शिकारीचा दोस्त एक दिवस गाडी घेऊन आला आणि म्हणाला, सगळ्या दे, मी सांभाळतो. सात महिने त्या दोस्ताकडे होत्या. 'त्याने मला एक शब्द विचारला नाही आणि मीही नाही म्हटलं नाही', एवढंच म्हणाले.

मी म्हणते ते अंतर हेच. आणि यात कुलूप सगळं करतं असंही माझं म्हणणं नाही. श्रीलंकेतच शेतकऱ्यांना औषध ठेवायला कुलपाच्या पेट्या देऊन पाहिल्या होत्या, फरक पडला नाही, कारण किल्ली त्याच माणसाच्या खिशात. कुलूप वाचवतं ते मुलांना. शाळेत गोळीबार करणाऱ्या बहुतेक मुलांची बंदूक स्वतःच्या नाहीतर नातेवाइकांच्या घरातली असते. मिशिगनमधल्या ऑक्सफर्डच्या शाळेत २०२१ मध्ये १५ वर्षांच्या मुलाने चौघांना मारलं, ते पिस्तूल बापाने चारच दिवस आधी घेतलेलं होतं, आणि २०२४ मध्ये आईबाप दोघांना सदोष मनुष्यवधासाठी तुरुंगवास झाला. मोठ्या माणसाला वाचवायला दुसरा माणूस लागतो, नाहीतर वेळ लागतो. म्हणून विकत घेताना काही दिवस थांबायची सक्ती हवी. आज परवानाधारक दुकानात फॉर्म भरला की तपासणी बहुतेक वेळा काही मिनिटांत होते, आणि तपासणी अडकली तरी तीन कामाचे दिवस उलटले की दुकानदार बंदूक देऊ शकतो, चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये २०१५ ला नऊ जणांना मारणाऱ्याला ती अशीच मिळाली. म्हणून रेड फ्लॅग कायदा हवा, म्हणजे घरच्यांनी किंवा पोलिसांनी कोर्टात सांगितलं की हा माणूस आत्ता धोक्यात आहे तर बंदूक काही काळापुरती काढून ठेवता येते आणि त्याला कोर्टात आपली बाजू मांडता येते. कनेक्टिकटने तो १९९९ मध्ये केला. पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर २०१८ मध्ये फ्लोरिडाने केला, रिपब्लिकन गव्हर्नरच्या सहीने. टेक्सासमध्ये नाही. दोस्ताने गाडी घेऊन येणं जिथे घडत नाही तिथे हा कायदा म्हणजे तो दोस्त.

यालाही लोक म्हणतील की ही हळूहळू सगळं काढून घ्यायची पहिली पायरी आहे. ही भीती मला समजते. पण बॉस्टनमध्ये १७८३ मध्येच घरात भरलेली बंदूक ठेवायला बंदी झाली होती, आगीत विझवणाऱ्यांना धोका होतो म्हणून, आणि त्याच पिढीने पुढे सेकंड अमेंडमेंट लिहिलं. त्या दुरुस्तीच्या पहिल्या ओळीतच 'सुनियंत्रित' हा शब्द आहे. आत्ताच्या सुप्रीम कोर्टानेसुद्धा २०२४ च्या रहीमी निकालात आठ विरुद्ध एक असं सांगितलं की ज्याच्यापासून घरच्यांना धोका आहे असं कोर्टाने ठरवलंय त्या माणसाकडून बंदूक काही काळ काढून घेता येते. तो माणूस टेक्सासचाच होता.

सगळ्यात जास्त राग मला येतो तो बोलूच न देण्याचा. १९९६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने बंदूक नियंत्रणाचा पुरस्कार करायला सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचा पैसा वापरता येणार नाही असं कलम घातलं आणि त्या धाकाने वीसेक वर्षं सरकारी पैशातून या मरणांवर जवळजवळ संशोधनच झालं नाही. फ्लोरिडाने २०११ मध्ये तर डॉक्टरांनी पेशंटला घरात बंदूक आहे का असं विचारण्यावरच बंधन आणलं, ते काढायला २०१७ पर्यंत कोर्टात भांडावं लागलं. डॉक्टर आपल्याला विचारतात तंबाखू खाता का, झोप लागते का. हा प्रश्न का नाही? आमच्या मुलांच्या डॉक्टरांनी विचारला नसता तर मी त्या दारात गेलेच नसते.

त्या रात्री जेवणं झाल्यावर ग्रीन कार्डवाला मित्र चपला घालत होता तेव्हा मी त्याला एवढंच विचारलं की पिस्तूल घेतलंस तर ठेवणार कुठे. तो म्हणाला, अगं पलंगाशेजारी, नाहीतर उपयोग काय. त्याची मुलगी यंदा नववीत गेलीय, ती तिथेच बाजूला मोबाइल बघत उभी होती. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मग मला म्हणाला, त्या आजोबांकडे कुठली तिजोरी आहे गं, विचारून सांगशील?